वीरगळावरचं नाव

प्रिय कुमार,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, खोटं कशाला सांगू? पण पत्राला काहीतरी सुरुवात लागते, आणि बावीस वर्षांत मनातल्या मनात तुला लावलेली बाकीची विशेषणं कागदावर उतरवण्यासारखी नाहीत.

तुझं पत्र ग्रामपंचायतीत पोचलं. सरपंच सोमनाथभाऊंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि माझ्या हातात दिलं, कारण गावाच्या संग्रहालयाचं काम मी बघते. आपल्या गावात पाहण्यासारखी जुनी ठिकाणं कोणती, त्यांची माहिती उद्घाटनाच्या भाषणासाठी तयार ठेवावी, असं तू लिहिलं आहेस. याच गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला गावाची माहिती मागवावी लागते, कमाल आहे बाई! पण तू आता मोठा माणूस. गडकिल्ल्यांवर बोलतोस, मोबाईलवर तुझे व्हिडिओ आमच्या वेल्ह्यातली पोरंसुद्धा बघतात. तेव्हा सांगते. नीट सांगते.

एसटीतून उतरलं की आधी लागते ती दगडी बारव. सदतीस पायऱ्या, आत दोन कोनाडे, एकात गणपती. पाहुणे वरूनच फोटो काढतात, मी त्यांना खाली उतरवते. भाषणात तिचा काळ सांग, घडण सांग. जमलं तर हेही सांग, की तू तिच्यातच पोहायला शिकलास आणि तुझ्या कमरेला दोर बांधून, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून, माझे वडील, चिमाजीदादा, काठावर उभे राहायचे. तुझे वडील पुण्याला हमालीला होते, सहा-सहा महिने यायचे नाहीत. दादांनी तुला कधी परकं धरलं नाही.

बारवेवरून वर आलं की महादेवाचं देऊळ. मंडपाचे खांब जुने, कळस अलीकडचा आणि रंग तर अगदीच परवाचा. दिवाळीला गुलाबी देऊन टाकला. मी भांडले, कुणी ऐकलं नाही. देवळाशेजारच्या जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत आमचं संग्रहालय. लहान आहे, पण घराघरांतून जमवलंय. अंबूबाईंनी तोफेचा गोळा दिला. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या तो दाराला टेकू म्हणून होता. देताना अट घातली, की पाटीवर गोळ्यापेक्षा माझं नाव मोठं पाहिजे. घातलं. भोरच्या इब्राहीमचाचांनी त्यांच्या आजोबांना संस्थानातून मिळालेला शिक्क्याचा कागद दिला, डोळ्यांत पाणी आणून दिला. ठासणीची बंदूक आहे, दिवट्या आहेत, भात मोजायच्या पायल्या आहेत. प्रत्येक वस्तूखाली तीन ओळी: वस्तू काय, कुणाच्या हातची, कुणी दिली. हा नियम मीच केला. खोटी माहिती एकही नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

आता देवळापुढचा वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. तुझ्या पत्रातली ती ओळ सोमनाथभाऊंनी वाचली तेव्हा मी त्यांना ती पुन्हा वाचायला लावली. 'नाव कोरून विद्रूप केलेल्या वीरगळाचा मोठा फोटो पडद्यावर दाखवायचा आहे, अज्ञानी गावकरी आपलाच वारसा कसा नासवतात याचं ते बोलकं उदाहरण आहे.' असं लिहिलंस तू. तू!

फोटो काढलाय. स्वच्छ आलाय. खालच्या टप्प्यात गाई राखताना लढणारा वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर पिंडीपुढं हात जोडून बसलेला तोच वीर. आणि मधल्या टप्प्यात, अप्सरांच्या पायाशी, तीन अक्षरं. नूतन. फोटोत स्पष्ट वाचता येतात, काळजी नको.

चैत्रातली दुपार होती, गाव वेल्ह्याच्या बाजाराला गेलं होतं. तू विळ्याचं टोक घेऊन बसलास आणि मी नको नको म्हणत असताना कोरत गेलास. हा दगड हजार वर्षं टिकला, आता तूही टिकशील, असं म्हणालास. मी एकोणीस वर्षांची होते, मूर्ख होते, मला ते गोड वाटलं. हे मी कबूल करते. पण त्या दगडाला गाव 'बाबा' म्हणतं, हे तुला माहीत होतं. यात्रेच्या सकाळी पालखी उठायच्या आधी बाबाला तेल चोळायचं, शेंदूर लावायचा, तो मान आमच्या घराचा, हेही माहीत होतं. बाबा आमचाच पूर्वज, असं दादा मानत. आदल्या दिवसापासून उपवास, कोरं धोतर, आणि तेल चोळताना पुटपुटत त्याच्याशी बोलणं, काय पिकलं, काय बुडालं, सगळं. त्या वर्षी तेलाचा हात फिरवताना त्यांच्या बोटांना ती अक्षरं लागली. अख्खं गाव मागं उभं होतं.

ज्याचं नाव त्यानंच कोरलं, गावाला दुसरं काही सुचलं नाही. मला पंचांपुढं उभं केलं. तुझं नाव घ्यावं, तर चिमाजीची पोर दुपारच्या वेळी एका पोराबरोबर काय करत होती, हा पुढचा प्रश्न तयार होता. मी म्हणाले, मीच कोरलं. तू गर्दीत होतास, कुमार. निळा सदरा घालून तिसऱ्या रांगेत. मी तुझ्याकडं बघितलं आणि तू खाली बघितलंस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पुण्याला गेलास.

पंचांनी मान काढून घेतला. दादांनी मला हात लावला नाही, उलट आईला म्हणाले, लेकरू हाय, चुकलं. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून बावीस यात्रा झाल्या, ते एकदाही देवळाकडं फिरकले नाहीत. यात्रेच्या सकाळी परसात बसतात, तेलाची वाटी शेजारी घेऊन. आता ऐंशीला टेकलेत, दम लागतो. तो मान त्यांना जिवंतपणी परत मिळावा, बाबाला त्यांच्या हातचं तेल लागावं, यापलीकडं मला काही नको. तू मला सोडलंस याचं दुःख होतं असं समजत असशील तर तो गैरसमज काढून टाक. धनाजीरावांशी माझं लग्न झालं, त्यांचं पानशेतला जेवणाचं हॉटेल आहे, माणूस लाखाचा आहे. तू सुटलास हे माझं नशीबच. राग आहे तो दादांचा मान गेल्याचा. तो मी बावीस वर्षं रोज ऊन देऊन, झाडून-पुसून जपलाय.

मागच्या महिन्यात तुझा तोरण्यावरचा व्हिडिओ धनाजीरावांनी दाखवला. दगडावर नावं कोरणाऱ्यांचे हात कलम केले पाहिजेत, असं तू ओरडून सांगत होतास. मी पुन्हा पुन्हा बघितला. तुझा उजवा हात हवेत नाचत होता. तेव्हाच मी सोमनाथभाऊंना म्हणाले, संग्रहालयाच्या उद्घाटनाला यांनाच बोलवा की, आपल्याच गावचे आहेत. होय, तुझं नाव मीच सुचवलं.

पुण्याला जाऊन पोचल्यावर तू मला एक आंतरदेशीय पाठवलं होतंस. विसरला असशील, मी कशी विसरेन? 'पंचांपुढं माझं नाव घेतलं नाहीस, उपकार झाले. दगडावर कोरताना विळा लागून बोट कापलं ते अजून दुखतंय. नोकरी लागली की येतो आणि मीच कोरलं म्हणून सांगतो. तोवर गप्प राहा.' खाली तुझी सही, वर पोस्टाचा शिक्का, तारीख. तेव्हा ते दाखवण्याची हिंमत नव्हती. नाव कोरलेलं गाव विसरलं असतं, पोरीकडं आलेलं पत्र विसरलं नसतं. आता मी एकेचाळीस वर्षांची आहे, आता कुणाला भ्यायचं? धनाजीरावांनी वाचलं आणि स्वतः काचेची पेटी करून आणली. पेटी पहिल्या खोलीत मधोमध ठेवली आहे, लाल कापडाखाली. खाली तीन ओळी आहेत: आंतरदेशीय पत्र. कुमारच्या हातचं. देणगी, नूतन.

माहितीची फाईल समारंभात मिळाली तरी चालेल, असं तू लिहिलं होतंस. म्हणून हे पत्र तिच्यातच ठेवलंय. म्हणजे हे तू आता व्यासपीठावर, खुर्चीत बसून वाचतो आहेस. खांद्यावर शाल आहे, सोमनाथभाऊ प्रास्ताविक करताहेत आणि ते अर्ध्या तासाच्या आत कधी थांबत नाहीत. मान वर करून बघ. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर पांढऱ्या टोपीत बसलेत ते माझे वडील, बावीस वर्षांत इकडं पहिल्यांदाच आलेत. तू येणार कळल्यावर त्यांना मी खरं सांगितलं, पहिल्यांदाच. ते म्हणाले, त्याला आधी सांग, बेसावध माणसावर घाव घालायचा न्हाई. मला सांगायचं नव्हतं, पण दादांचा शब्द मी मोडत नाही. त्यांनी आधी सांग म्हटलं, किती आधी ते म्हणाले नाहीत. भाऊंचं झालं की तुझं नाव पुकारतील. माईक हातात घेऊन दादांकडं बघत, मीच कोरलं, असं तुझ्या तोंडानं सांगितलंस, तर आतली पेटी मी कापडासकट उचलून घरी नेईन. नाही सांगितलंस, तर कार्यक्रमपत्रिकेत पुढचं काम तुझंच आहे, ते कापड काढायचं. भाऊंनी चष्मा काढला, की समज संपत आलं.

तुझी कुणीच नसलेली, चिमाजींची मुलगी,
नूतन