रुग्णाच्या म्हणण्यानुसार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला असता, पण गुडघेवाल्या डॉक्टरांनी वाकायला बंदी घातली आहे, आणि मी कुणाची बंदी मोडली ते हल्ली सगळ्याच डॉक्टरांना कळतं. कसं, ते पुढे येईलच.) भावोजींचा खोकला उतरला का? इकडे आम्ही दोघं ठीक.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं पोट हातावर कमी, डोळ्यांवर जास्त असतं. गेल्या महिन्यात एका बाईंच्या मनगटी घड्याळाचा स्क्रू चिमट्यात धरला, तर मला दोन दिसले. नेमका नसलेलाच बसवायला गेलो आणि असलेला कुठे उडाला तो आजतागायत सापडलेला नाही. म्हणून डोळे दाखवले. मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया ठरली. तिथे खिडकीवरच्या बाईंनी माझ्या मोबाइलवर आलेला आकडा मागितला आणि मी तो मुकाट्याने दिला. (दुकानात कुणी आपलंच घड्याळ परत मागितलं तरी मी पावती बघतो, पण मोबाइलवरचा आकडा कुणीही मागावा!) तो आकडा म्हणजे माझी परवानगी होती, हे मागाहून कळलं. आजवर ज्या ज्या दवाखान्यांची पायरी चढलो, तिथली माझी सगळी कुंडली आता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्युटरवर.

इथेच घोळ झाला. ताई, मी पडलो भिडस्त. प्रत्येक डॉक्टरला बरं वाटेल तेच सांगत आलो. हृदयवाल्यांना सांगितलं, रोज तीन किलोमीटर चालतो. गुडघेवाल्यांना सांगितलं, दोन पावलं टाकवत नाहीत. (ते जोरकस गोळी देतात, पण आपण कळवळल्याशिवाय नाही.) दातवाल्यांना सांगितलं, तंबाखू सोडून वर्ष झालं. तिघं शहराच्या तीन टोकांना, एकमेकांचं तोंड न पाहिलेले, त्यामुळे सगळं सुखात चाललं होतं. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. पडद्यावर वाचता वाचता त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "काका, दोन पावलं टाकवत नाहीत, मग तीन किलोमीटर कसं जमतं?"

मी म्हटलं, "सावकाश."

त्या हसल्या, आणि पुढच्या ओळीवर त्यांचं हसू थांबलं. हृदयवाल्यांची गोळी रक्त पातळ करते, आणि गुडघेवाल्यांची तिच्याबरोबर घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पोटात जळजळ होते का? होत होती, दोन महिने. मी ती शेजाऱ्याच्या चूर्णावर भागवत होतो. बाईंनी माझ्यासमोरच दोघांना फोन लावले. गुडघ्याची गोळी बंद, रक्ताच्या तपासण्या झाल्या. रक्त थोडं कमी भरलं, पण वेळेत कळलं म्हणतात. त्या क्षणी मला घाबरायला हवं होतं. खरं सांगतो, मला उत्सुकताच जास्त वाटली. आपल्यावर एवढं कोण कोण काय लिहून बसलंय? मी सगळं छापून मागितलं. चौदा पानं!

दुकान बंद ठेवून भिंग लावून वाचली. प्रत्येक वाक्य 'रुग्णाच्या म्हणण्यानुसार' असं सुरू होतं, पंचनाम्यात आरोपीचं असतं तसं. आणि त्याच्याखाली, जवळजवळ प्रत्येक पानावर, 'पत्नीच्या म्हणण्यानुसार' अशी दुसरी ओळ. मी तपासणीच्या टेबलावर आडवा असताना ही बाहेर डॉक्टरांना सगळं खरं सांगत होती, बावीस वर्षं. तंबाखूच्या पुड्यांची संख्यासुद्धा बरोबर आहे. (मी मोजून पाहिली.) राग आला, पण तो कुणावर काढायचा ते संध्याकाळपर्यंत ठरेना, आणि मग जेवायची वेळ झाली.

असो. बुधवारी शस्त्रक्रिया. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर आलंच नाही. बाराव्या पानावर 'कुटुंबातील आजार' या रकान्यात लिहिलंय: मोठी बहीण, मधुमेह, नऊ वर्षं. ताई, नऊ वर्षं? हिला विचारलं तर कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "वन्संनी शपथ घातली होती. तुम्ही हाय खाल म्हणून." तुझी साखर किती, गोळ्या कुठल्या, पाय सुजतात का, सगळं लिही. भावाला सांगतेस तसं नको, डॉक्टरला सांगतेस तसं लिही.

ता. क. २. तसंही नको. डॉक्टरला आपल्या घरात कोण काय सांगतं ते मी आता वाचलंय. भावोजींनाच लिहायला सांग.