पेन्सिलीची नोंद

मंगळ., १४ जाने.
उणे अकरा. तरी म्युझियमला गेले. तिथल्या कोळ्यांचा संग्रह सांभाळणाऱ्या लिंडानं नवी पेटी दिली: आफ्रिकेतले खेकडा-कोळी, झाडांवर राहणारे. चपटे, सालीच्याच रंगाचे. एकेका कुपीत एकेक, अल्कोहोलमध्ये बुडवलेला. आत चिठ्ठी, कुठं, कुठल्या झाडावर सापडला त्याची. चिठ्ठ्या विरत चाललेल्या, त्या नव्यानं लिहायच्या. हातात पेन्सिल दिली बाईनं. पेन्सिल! तिकडे गावी नगरपालिकेत तीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या. पेन्सिलीचं ते कच्चं. पर्समधलं बॉलपेन काढलं. सहा चिठ्ठ्या झाल्या, मोत्यासारख्या. कुप्यांत सोडल्या. जुन्या फाडल्या, दोन नोंदी राहिल्या की घोळ होतो.

गुरु., १६
बर्फ. म्युझियम बंद. सुमित दिवसभर "आई, मीटिंग." नातीला कोळ्यांचं सांगायला गेले तर "ग्रॉस, आजी!" लिंडा सोडली तर माझ्याशी अख्खं वाक्य कुणी बोलत नाही.

मंगळ., २१
अल्कोहोल निळसर. चिठ्ठ्या कोऱ्या. शाई विरघळली! पाच जणांची माहिती रजिस्टरात मिळाली. सहाव्या कुपीतल्या मादीची नाही. आणि तिच्या जातीची इथं ती एकटीच. लिंडा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, चिठ्ठी गेली की उरतो नुसता मेलेला कोळी.
कुपी मागं सरकवली. लिंडाला न सांगता घरी आले. लाज वाटते.

गुरु., २३
वाटलं, ठिकाण म्हणून केनिया लिहून टाकावं. कोण बघतंय? पण शाळेसाठी पोराची जन्मतारीख बदला म्हणून लोक पाया पडायचे, तेव्हा कधी बदलली नाही. आता या वयात…
पेन्सिल घेतली. आठवलं तेवढंच लिहिलं: मादी. सालीखाली. अंडी राखत बसलेली. ठिकाण आठवत नाही.
चिठ्ठी लिंडाला दिली, सगळं सांगितलं. तिनं चष्मा काढला. "आय नीड टु थिंक. आय विल कॉल यू."

मंगळ., २८
फोन नाही. सुमित म्हणतो, "जाऊ दे ना आई, व्हॉलंटियरच तर होतीस. घरी आराम कर."
आराम करून करून कंटाळले, हे याला कोण सांगणार.

गुरु., ३०
नऊलाच कोट, टोपी, बूट घालून बसले. फोन मांडीवर. पर्समध्ये पेन्सिल, टोक करून. म्युझियमकडे जाणारी साडेनऊची बस समोरून गेली.
दहाची आहे अजून.