छत्तीसपैकी एकोणीस

मी, सयाजी बाबूराव इंगवले, वय ५४, धंदा टर्नर, राहणार नेरूळ, नवी मुंबई, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. शाळा सातवीपर्यंत, पुढचे स्वतः वाचून शिकलो, म्हणून वकील लावलेला नाही. मी सांगितले, कन्या श्रुतीने टाइप केले.

१. राहती सदनिका पत्नी गोजरा हिला, तिच्यामागे श्रुतीला. मेहुणे सुभाष यांनी पाहुणा म्हणून यावे, चहा घ्यावा. मुक्कामाला राहू नये.

२. प्रॉव्हिडंट फंड व पोस्टातील रक्कम गोजराला.

३. माझा मायक्रोमीटर रबाळ्याच्या कारखान्यातील सहकारी जानू यांना. त्यांनी तो अनेकदा उसना नेला आणि सांगितलेल्या दिवशीच परत आणला.

४. सुभाष यांना काहीही नाही. कारण नोंदवतो.

१९९२ साली या घरासाठी वाशीच्या पतपेढीचे कर्ज घेतले. छत्तीस हप्ते, दर महिन्याच्या पाच तारखेस. पतपेढीची खिडकी तीनला बंद, माझी पाळी साडेतीनला सुटे. सुभाष एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर, पतपेढी जवळच. म्हणून दर तीन तारखेला रोख रक्कम त्यांच्या हाती दिली. एकही महिना चुकलो नाही. पासबुक त्यांच्याकडेच असे. एकदा बघायला मागितले तर गोजरा म्हणाली, "माझ्या भावाकडे पावत्या मागताय?" मापात केसाएवढा फरक पकडणारा मी, पुन्हा मागायला गेलो नाही. एवढी चूक माझी.

१९९६ साली श्रुतीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फीसाठी त्याच पतपेढीकडे कर्ज मागितले. सचिवांनी खातेवही माझ्याकडे फिरवली. "इंगवले, छत्तीसपैकी एकोणीस हप्ते उशिरा. कमिटी पास करणार नाही."

सुभाष यांना विचारले. म्हणाले, "दाजी, आठ-दहा दिवस पैसे गाळ्यावर फिरवले. दंड माझ्या खिशातून भरला. बुडवला का एक रुपया?"

"मग तेवढंच पतपेढीला लिहून दे."

"वेडे का काय? मार्केटात मला उधारीवर माल कोण देईल उद्या?"

त्यांची पत राहिली, माझी गेली. पैसे भरणाऱ्याने लेखी दिल्याशिवाय शेरा बदलत नाही, असे कमिटीचे उत्तर आले. फीची मुदत संपली, जागा गेली. श्रुती आज वाशीत टायपिस्ट आहे.

५. पतपेढीचा माझा शंभर रुपयांचा शेअर श्रुतीला. किंमत किरकोळ, पण सभासदाला वार्षिक सभेत बोलता येते. दरवर्षी 'आयत्या वेळचे विषय' पुकारले की तिने उभे राहून माझ्या खात्यावरच्या एकोणीस तारखा वाचाव्यात आणि पैसे कोणाच्या हाती दिले होते ते नावानिशी सांगावे. सुभाषही सभासद आहेत, पहिल्या रांगेत बसतात.

इथे श्रुतीने टाइप करणे थांबवले. म्हणाली, "बाबा, तारखा वाचेन. मामाचं नाव नाही घेणार. भाऊबीजेला आईने ओवाळायचं कोणाला?"

म्हणून कलम ५ दुरुस्त करतो: नाव घेऊ नये. तारखा सावकाश वाचाव्यात. शेवटची वाचून झाल्यावर लगेच खाली बसू नये.

वरील मजकूर वाचून, मान्य करून, खालील दोघांसमोर सही केली.

सही: सयाजी बाबूराव इंगवले
साक्षीदार: १. श्यामसुंदर वामन केळुसकर, नेरूळ
२. सुधीर नारायण घाडगे, नेरूळ

स्थळ: नेरूळ, नवी मुंबई
दिनांक: ८ नोव्हेंबर १९९८