वारा कुठे मोजतात

आबा, आज तुमचा पुन्हा राग आला. रामनगरच्या शाळेत मी नववीला जगातली सगळ्यात जबर वादळं शिकवत होते. कुणी वाऱ्याच्या वेगावरून क्रम लावतं, कुणी वादळाच्या मधोमध असलेल्या हवेच्या दाबावरून. दाब जितका कमी, तितकं वादळ जबर. तो मोजायला माणसं विमान घेऊन वादळात शिरतात आणि वरून यंत्र सोडतात. जमिनीवर वारा मोजायचा तर मोकळ्या माळावर, उंच खांबावर, जवळ आडोसा नको. आडोसा नको म्हणताना माझा आवाज एवढा चढला की पोरं बघतच राहिली.

तुमचं यंत्र म्हणजे कुंभारवाड्यातल्या आपल्या घरामागचा, माशाच्या शेपटीसारख्या पानांचा भेरली माड. त्याच्या झावळ्या उलटल्या तरच शेतात जायचं नाही, हा तुमचा कायदा. त्या दिवाळीत रेडिओ सकाळपासून समुद्रातल्या वादळाचं सांगत होता. कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं. आई नको म्हणत होती. तुम्ही माडाकडे बघितलंत आणि म्हणालात, "माड हलंना झालाय. जा, भारे बांध." माड डोंगराच्या कुशीत, आबा. तिथे वारा पोचतच नव्हता. शेत मात्र उघड्यावर. बांधावरच्या मत्तीच्या झाडाची फांदी मोडली ती आईच्या कमरेवर. जगातल्या मोठ्या वादळांत त्या दिवशीचं वादळ कुठेच नाही, आपल्यापर्यंत आला तो त्याचा उरलासुरला वारा. तेवढ्याने आई जन्माची वाकली. चूक कुणाचीही होते, ती मी गिळली असती. पण तिला खाटेवर निजवताना तुम्ही म्हणालात, "वर बघाय येत न्हाई व्हय तुला?"

संध्याकाळी घरी येऊन मी तिला डोंगर, आडोसा, खांब सगळं समजावलं. तांदूळ निवडता निवडता तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माड बरोबरच हुता बाई. मीच वर बघितलं न्हाई." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती तुमचाच गुन्हा डोक्यावर घेऊन बसलीय. याची मला चीड येते, आणि मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मोबाईलवर आत्ताच इशारा आलाय. समुद्रात पुन्हा वादळ आहे. उद्या भात कापायला येणाऱ्या बायकांना मी फोन करून नको म्हणून सांगितलं. हा कागद कुठे धाडणार, सकाळी चुलीत जाईल. फक्त एक. फोन करण्याआधी मी मागच्या दारी जाऊन माड बघून आले. आईला सांगितलेलं नाही.