कपडे मीच धुतले

सांगणारी मी : इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं राबून निवृत्त झालेली बाई, वय अडुसष्ट, मूळची डोंगरातल्या जमातीतली. लिहून घेणारे कोर्टाचे निवृत्त कारकून. माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करून बघावीच कोणी. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करणार नाही.

१. धुलाईखान्यामागच्या दोन खोल्या माझ्या कष्टाच्या आहेत. त्या आतल्या सामानासकट माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळाव्यात. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढायची, नाहीतर बोट चेंगरतं.

२. कोळशाची इस्त्री शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावी. न विचारता त्या ती नेतातच.

३. धाकट्या दिरांना त्यांची छत्री परत करावी, बाकी काही नाही. नाक्यावरच्या शिपायाने माझ्या लेकीवर बलात्कार केला तेव्हा हे गृहस्थ म्हणाले होते, "वहिनी, आपली माणसं कोर्टात कधी जिंकलीत का? आपसात मिटवून टाका." मी मिटवलं नाही. पण मी त्यांचंच ऐकलं असं लेकीला आजवर वाटतं. म्हणून पुढचं कलम तिने दोनदा वाचावं.

४. तक्रार द्यायला गेलो तेव्हा ठाण्यातल्या हवालदाराने आधी खिडकी उघडली, मग नाकाला रुमाल लावला. "तुम्ही डोंगरवाले येऊन गेलात की दिवसभर वास जात नाही," म्हणाला. लेक सतरा वर्षांची. तिला धड उभं राहवत नव्हतं, तरी ती माझ्या मागे लपली. "हिचे त्या वेळचे कपडे उद्या आणून द्या," एवढं सांगून त्याने आम्हाला वाटेला लावलं. कपडे कशाला हवेत हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की माझ्या लेकीचे कपडे चार पुरुष हातात धरणार आणि पुन्हा रुमाल काढणार. रक्ताचा डाग गार पाण्यात सुटतो, गरम पाण्यात पक्का बसतो, हे मी इस्पितळात येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला शिकवलं. त्याच हातांनी मी ते कपडे तीन पाण्यांतून काढले, फाटलेली बाही शिवली, इस्त्री केली आणि घडी घालून नेऊन दिले. हवालदार खूश झाला. "वा! असं पाहिजे," म्हणाला.

कोर्टात शिपायाच्या वकिलाने ती घडी उलगडून सगळ्यांना दाखवली. "यात डाग कुठे आहे? फाटलंय कुठे?" शिपाई सुटला. बाहेर पायरीवर लेकीने विचारलं, "आई, तू धुतलेस? कोणी सांगितलं तुला?" मी पदर सावरला आणि पायऱ्या उतरले. त्याला एकोणीस वर्षं झाली, ती माझ्याशी बोललेली नाही.

बाळा, कोणीही सांगितलं नव्हतं. मी घाबरलेही नव्हते. मला लाज वाटली. तुझी नव्हे, आपण घाणेरडे ठरू याची. ते आपल्याला घाणेरडे म्हणाले आणि मी ते खरं मानलं. "मला माफ कर" असं कारकुनांनी इथे लिहिलं होतं, मी खोडायला लावलं. ते मागायचा मला हक्क नाही.

५. तो शिपाई आता निवृत्त झालाय. रोज सकाळी आमच्याच गल्लीतून फिरायला जातो, तब्येत चांगली आहे. त्याच्या नावे शाप ठेवणार होते, पण तो कायद्यात बसत नाही असं कारकून म्हणतात.

६. मी गेल्यावर लेकीला निरोप द्यावा, आग्रह करू नये. माझ्या देहाला शेवटची अंघोळ तिनेच घालावी. संध्याकाळपर्यंत तिची वाट पाहावी. ती आली नाही तर दुसऱ्या कोणी हात लावू नये. मला आहे तशीच, अंगावरच्या कपड्यांत न्यावी.

डाव्या अंगठ्याचा ठसा, वाचून दाखवल्यावर घेतला.

साक्षीदार :
१) निवृत्त कोर्ट कारकून. "कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले" ही त्या खटल्यातली नोंद माझ्या हातची आहे. (सही)
२) इस्पितळाच्या थोरल्या सिस्टर (सही)

ठिकाण : राहत्या खोलीत
दिनांक : नऊ मार्च, रविवार