ढालीचा अंगठा

रोहा, मंगळवार, दिवेलागणीला

आजही आधी अंगठ्याचंच. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा हात झोपलाय, म्हणून कतारला कंपनीत असलेल्या इक्बालनं, माझ्या शाळूसोबत्यानं, मला ऑनलाइन लढाईच्या खेळात ओढलं. त्यानं तलवार मारायची, मी डाव्या अंगठ्यानं बटण दाबून ढाल उचलायची. "व्यायाम समज," म्हणाला. शिफ्ट सुटली की रोज शिकवतो. गेल्या आठवड्यापासून त्याचा एकही वार मी लागू दिला नाही. पेणच्या बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा. बढाई मारायला जीभ शाबूत आहे.

आज इक्बाल यायच्या आत कुणी अनोळखी भिडू समोर आला. पहिल्याच वारात मी आडवा. पुन्हा उठलो, पुन्हा आडवा. अंगठा वेळेत दबेचना.

इक्बाल आल्यावर हेडफोनवर विचारलं, "तू मुद्दाम हळू मारत होतास?"

"नाय रे." मग म्हणाला, "व्हय. काय करू? पहिल्या दिवशी रडलास तू."

रडलो होतो? असेन. बायकोही हल्ली मी कप धरला की खाली बशी धरते आणि 'छान' म्हणते. आयुष्यभर लेखांतून लोकांना टोचलं, आता जो तो माझ्यापुढे जपून हरतोय. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

"आता खरा मार," म्हटलं.

"नको रे बाबा."

"मार म्हणतो ना!"

त्यानं मारलं. अंगठा हलला. नक्की हलला. मी मेल्यावर.