गट सतरामधली कबर

मी, ओबेद विदरेल, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार कॉटनवुड बेंड, कॅन्सस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण सोमवारी सकाळी नांगर घेऊन येणार आहे, म्हणून ही घाई.

सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंचे विषम आकड्यांचे गट रेल्वे कंपनीला फुकट दिले आणि सम आकड्यांचे आमच्यासारख्यांसाठी ठेवले. गट अठरामधली माझी ऐंशी एकर जमीन सरकारी सनदेची आहे. पण आम्ही आलो तेव्हा मोजणीच्या खुंट्या वणव्यात जळून गेल्या होत्या. मग अंतर मोजायला इथल्या रिवाजाप्रमाणे मी गाडीच्या चाकाला चिंधी बांधली आणि माझी पत्नी अल्मायरा फेरे मोजत बाजूने चालू लागली. वाटेत साप निघाला आणि मोजणी चुकली. "फेरे गिळलेस तू!" मी ओरडलो. "सापाकडे बघू की चाकाकडे? या खाली, तुम्हीच मोजा!" ती म्हणाली. भांडत भांडत आम्ही घर बांधले, ते नेमके रेल्वेच्या गट सतरामध्ये. हे कंपनीचा मोजणीदार आला तेव्हा कळले. अल्मायरा त्याआधीच गेली होती आणि तिला घरामागे पुरले होते.

एक. घर शेजाऱ्यांनी बैल जुंपून ओंडक्यांवरून अठरामध्ये ओढून आणले. ते चुलीसकट माझी मुलगी मर्सी हिला. दार तेव्हापासून नीट लागत नाही. जावयाला सांगून माझी जीभ झिजली.

दोन. कबर ओढून आणता येत नाही. कंपनीने गट सतरा एल्काना स्ट्रोडला विकला. त्यात पाणी नाही, म्हणून त्याचा डोळा अठरामधल्या माझ्या ओढ्यावर. कबरीपुरता तुकडा तो मागेल त्या भावाने मी घ्यायला तयार होतो. तो कुंपणाला टेकून म्हणाला, "म्हातारबा, अठरा द्या, नाहीतर माझा नांगर वळसे घेत नाही. सोमवारी बघायला या." या माणसाचा मला मनापासून तिटकारा आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

आज दुपारी मी बंदूक पुसत बसलो होतो. मर्सी आली. "बाबा, त्याला मारून तुम्ही फासावर जाल. मग आईजवळ कोण? द्या ती इकडे."

"आणि नांगर?"

"जमीन देऊन टाका त्याला. मला नको ती. आईवरून नांगर गेला तर मी इथे जगू शकणार नाही."

ती रडली, मीही रडलो.

तीन. म्हणून गट अठरामधली माझी सर्व जमीन, घराखालची जागा सोडून, ओढ्यासकट, माझ्या मृत्यूनंतर एल्काना स्ट्रोड यास मिळावी. अट एकच. कबरीला नांगर लागता कामा नये, मला तिच्या शेजारी पुरावे, आणि दोघांभोवती त्याने कुंपण राखावे. आज-उद्या नांगर लागला किंवा पुढे कुंपण मोडले, तर जमीन मर्सीची.

आजपासून तो माझ्या मरणाची वाट बघेल. बघू दे, पण तोवर तिची राखण त्यालाच करावी लागेल.

सोमवारी पहाटे मी कबरीपाशी बसून हा कागद त्याला वाचून दाखवणार आहे. त्याने बैल थांबवले नाहीत, तर मी उठणार नाही. बंदूक मर्सी घेऊन गेली आहे.

सही: ओबेद विदरेल
साक्षीदार: जेथ्रो पल्सिफर, लोहार; आणि डॉर्कस हेबल, शेजारीण
कॉटनवुड बेंड, कॅन्सस, शनिवार, १२ एप्रिल १८७९